पिसवा मांजरावर कमी, दिवाणाखाली जास्त: ठाण्यातल्या एका घराचं प्रकरण

आधी घरातली मंडळी सांगते. ठाण्यात तळमजल्यावर वन बीएचके, त्यात मी, नवरा, सासूबाई आणि दोन मांजरं. मनी सात वर्षांची भाटी, जन्मात कधी उंबरा ओलांडला नाही, आणि बंड्या तीन वर्षांचा बोका, तोही घरातलाच, दिवसभर खिडकीच्या ग्रीलमध्ये बसून कबुतरांवर दात वाजवतो. दोघांची नसबंदी झालेली, लसी झालेल्या, आणि सात वर्षांत घरात एक पिसू दिसली नव्हती, त्यामुळे घरकोंबड्या मांजरांना पिसवा होतच नाहीत असा आमचा पक्का समज. हे प्रकरण २०२४ च्या पावसाळ्यातलं, जुलैला सुरू झालं आणि डिसेंबरपर्यंत पुरलं. तारखा मी कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांच्या शेजारीच लिहीत होते म्हणून आता नीट सांगता येतंय.

१४ जुलै, रविवार. पाऊस कोसळत होता आणि पार्किंगमध्ये मीटर रूमच्या दाराशी एक पिल्लू गळा काढून ओरडत होतं. आई तिथलीच एक तिरंगी भाटी, पण दोन तास वाट बघितली तरी आली नाही आणि पाणी चढायला लागलं, मग उचललं. किचनच्या वजनकाट्यावर ३९० ग्रॅम भरलं. नाव चिंगी. कोरडं केलं, गाईचं दूध द्यायचं नाही एवढी अक्कल होती म्हणून पिल्लांचं ओलं खाणं आणून दिलं, आणि हॉलमधल्या दिवाणाखाली सासूबाईंची जुनी गोधडी होती त्यावर झोपवलं. अंगात काळे बारीक कण होते, म्हटलं पार्किंगमधली माती असेल. इथेच पहिली चूक झाली. दुसरी म्हणजे तिला वेगळं न ठेवणं, पण वन बीएचकेत वेगळी खोली आणायची कुठून, बाथरूममध्ये ठेवलं असतं तर चाललं असतं हे आता कळतंय.

ते कण माती नव्हेच, पिसवांची विष्ठा होती, म्हणजे पिसवांनी पिऊन टाकलेलं वाळकं रक्त. ओळखायचं एकदम सोपं आहे, कण पांढऱ्या टिश्यूवर घ्यायचे आणि पाण्याचा थेंब टाकायचा, माती असेल तर मातीच राहते आणि पिसवांचं असेल तर भोवती तांबूस डाग पसरतो. हे मला आठ दिवसांनी दवाखान्यात कळलं.

२२ जुलैला चिंगी खायला उठेना. हात लावला तर गार. तोंड उघडून बघितलं तर हिरड्या गुलाबी नाहीत, खडूसारख्या पांढऱ्या. तशीच ओढणीत गुंडाळून रिक्षा केली. डॉक्टरांनी पोटावरचे केस मागे केले आणि मला दाखवलं, तपकिरी चपट्या पिसवा केसांच्या मुळाशी नुसत्या पळत होत्या. रक्त तपासलं, पीसीव्ही १४ आला, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा १४ टक्के. मोठ्या मांजरात तो साधारण २५ ते ४५ असतो, एवढ्याशा पिल्लात जरा कमी धरतात, पण १४ म्हणजे फारच कमी.

मला आधी पटेना, एवढ्याशा किड्यांनी रक्त किती जाणार? मग डॉक्टरांनी हिशोबच मांडून दाखवला. मांजराच्या किलोभर वजनामागे ६० मिलीच्या आसपास रक्त असतं, म्हणजे ४०० ग्रॅमच्या पिल्लात सगळं मिळून २५ मिली, खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजलं तर अडीच झाकणं. आणि साधारण ७० माद्या मिळून दिवसाला १ मिली रक्त पितात. चिंगीच्या अंगावरून त्या दिवशी फणीने साठेक पिसवा निघाल्या. सगळ्या माद्या नसतील, तरी रोज अर्धा मिलीच्या आसपास जातंय, आठ दिवस झाले, आमच्याकडे यायच्या आधीचे वेगळेच. मोठ्या मांजराला हा फटका जाणवणारसुद्धा नाही, पिल्लाचा मात्र जीव जातो, आणि लोकांना वाटतं थंडीने गेलं.

आंघोळ घालून पिसवा धुऊन काढाव्यात असं माझ्या डोक्यात होतं, पण आधीच गार पडलेल्या पिल्लाला ओलं केलं तर ते अजून गार पडतं म्हणून डॉक्टर नको म्हणाले. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवली, फणीने एकेक काढून साबणाच्या पाण्यात बुडवल्या (चिमटीत धरून चिरडायला जाल तर निसटतात, अंग कडक असतं), आणि पिल्लांना चालतो तो फिप्रोनिल या पिसवांच्या औषधाचा स्प्रे हातमोज्यावर घेऊन अंगाला हलकाच पुसला. बरोबर आयर्नचे थेंब. रक्त चढवायची वेळ येईल का ते दोन दिवसांत ठरवू म्हणाले, ती आली नाही. तिसऱ्या दिवशी चिंगीने वाटी चाटूनपुसून साफ केली आणि आम्हाला वाटलं प्रकरण संपलं. डॉक्टर निघताना म्हणाले होते, बाकीच्या दोघांनाही आणून दाखवा. मी म्हटलं त्यांना तर काहीच नाहीये.

८ ऑगस्टच्या सुमारास मनी पाठ चाटायला लागली. मांजर चाटतंच, त्यात नवीन काय, पण ही झोपेतून उठून चाटायची, शेपटीच्या वर कंबरेवर टक्कल पडलं, मानेभोवती हात फिरवला की राजगिऱ्याएवढ्या खपल्या लागायच्या. मी फणी घेऊन बसले, अर्धा तास विंचरलं, एक पिसू मिळाली नाही. मग अर्थातच आम्ही ठरवलं की ही खाण्याची अॅलर्जी आहे कारण त्याच आठवड्यात बांगडा बंद करून वेगळं खाणं सुरू केलं होतं. सासूबाई म्हणाल्या नजर लागली. नवरा म्हणाला चिंगी आल्याचा ताण. जो तो आपापल्या परीने तज्ज्ञ.

खरं कारण निघालं पिसवांच्याच लाळेची अॅलर्जी. पिसू चावताना लाळ सोडते, त्यातल्या प्रथिनांची काही मांजरांना इतकी अॅलर्जी असते की दोनचार चावे झाले तरी आठवडाभर अंग पेटतं. आणि असं मांजर इतकं चाटतं की अंगावरच्या पिसवा स्वतःच खाऊन टाकतं, म्हणून ज्याला सगळ्यात जास्त खाज त्याच्याच अंगावर पिसू सापडत नाही. गंमत म्हणजे बंड्याच्या अंगावर होत्या, विंचरल्यावर पाच निघाल्या, पण त्याला कशाचं काही नाही, तो आपला ग्रीलमध्ये.

मधल्या काळात एक फार वाईट गोष्ट होता होता राहिली. १० ऑगस्टला मी एका पेट शॉपमध्ये गेले, दुकानदाराने कुत्र्यांची मानेवर सोडायची ट्यूब काढून दिली आणि म्हणाला, "मॅडम, मांजर छोटं असतं ना, अर्धीच लावा." आणली. माझी भाची परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकते, सहज म्हणून तिला फोटो पाठवला तर लगेच फोन. "मावशी, लावलंस का? नाही ना? टाक ते आधी." त्यात परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक होतं. कुत्र्याला ते चालतं, पण मांजराचं यकृत हे द्रव्य मोडून बाहेर टाकण्यात फार कच्चं असतं, काही तासांत अंग थरथरतं, झटके येतात, मांजर दगावतं, आणि अर्धी ट्यूब म्हणजे अर्धा धोका असं काही नसतं. खोक्यावर बारीक अक्षरात मांजरासाठी नाही असं लिहिलेलंही होतं, चष्मा लावून वाचायला हवं होतं. गोठ्यात गुरांना लावायची गोचिडांची औषधं लोक पाण्यात मिसळून मांजराला लावतात, त्यातही पुष्कळदा याच कुळातली द्रव्यं असतात.

घरगुती उपायांचं पण सांगून टाकते. सासूबाईंनी दिवाणाच्या कोपऱ्यात कापराच्या पुड्या ठेवल्या होत्या, त्या उचलल्या, कापूर मांजराला विषारी आहे. फरशीला फिनाईल बंद केलं, मांजर त्यावर चालतं आणि मग पंजे चाटतं. नीलगिरीचं तेल, टी ट्रीचं तेल, सगळं नको. कुणीतरी खाण्यात लसूण घाला म्हणालं, लसणाने मांजराच्या लाल पेशी फुटतात, म्हणजे चिंगीसारखीला दिला असता तर विचारायलाच नको.

तर ११ ऑगस्टला तिघांना घेऊन दवाखान्यात. मनीची खाज आधी थांबवायला थोड्या दिवसांचा स्टेरॉइड, तिघांना मांजरांची स्पॉट-ऑन, म्हणजे पिसवांचं थेंब सोडायचं औषध, मानेमागे केस बाजूला करून थेट कातडीवर, जिथे स्वतःची जीभ पोचत नाही अशा जागी. वजनाप्रमाणे. सुकेपर्यंत एकमेकांना चाटू नयेत म्हणून एक किचनमध्ये, एक बाथरूममध्ये, एक बेडरूममध्ये, घरात नुसता तमाशा. महिन्याने परत लावायचं.

दहाबारा दिवस बरे गेले. मग २५ ऑगस्टला बंड्या उठून गेला त्या उशीवर दोन तांदळाचे दाणे दिसले. उचलायला गेले तर एक दाणा आखडला आणि लांबला. मी किंचाळले, खोटं कशाला बोलू. ते चपट्या जंताचे तुकडे होते, डिपिलिडियम नावाचा जंत, आणि तोही पिसवांचीच देणगी. जंताची अंडी जमिनीवर पडतात, पिसूची अळी ती खाते, अळीची पिसू होते, मांजर चाटताना पिसू गिळतं आणि जंत पोटात. उशीवर तुकडे दिसेपर्यंत साधारण तीन आठवडे लागतात, म्हणजे बंड्याने ती पिसू ऑगस्टच्या सुरुवातीला, औषध लावायच्या आधीच गिळलेली. पिल्लांना देतात ते नेहमीचं जंताचं औषध यावर चालेलच असं नाही, प्राझिक्वांटेल असलेली गोळी लागते. दिली, संपलं. वाळलेले तुकडे तिळासारखे दिसतात, मला त्यानंतर तिळाचे लाडू काही दिवस नको झाले होते.

आता गणपती. ७ सप्टेंबरला चतुर्थी, आम्ही ५ तारखेला राजापूरजवळ गावी गेलो, मांजरं बहिणीकडे डोंबिवलीला ठेवली. जायच्या दिवशी घरात एक पिसू नव्हती, निदान आम्हाला तरी दिसली नव्हती. गौरी-गणपतीचं विसर्जन करून, दोन दिवस जास्तीचे राहून १५ तारखेला संध्याकाळी परत आलो. फ्लॅट दहा दिवस बंद, आत ना माणूस ना मांजर. कुलूप उघडलं, पंखा लावला, बॅगा टाकल्या, आणि पाच मिनिटांत घोट्यांना सुया टोचल्यासारखं व्हायला लागलं. खाली बघते तर पायांवर काळे ठिपके उड्या मारतायत. नवऱ्याने पांढरे मोजे घातले होते, दोन मोज्यांवर मिळून १७ मोजल्या. आम्ही तिघं बॅगांसकट जिन्यात.

सासूबाईंचं लगेच सुरू, प्लेग होणार. त्यांच्या आजीच्या तोंडून पुण्याच्या साथीच्या गोष्टी ऐकलेल्या. पिसूमुळे प्लेग पसरतो हे खरंच आहे, १८९८ मध्ये पॉल-लुई सिमोंने कराचीत प्रयोग करून तेच दाखवलं, पण त्या साथींमधली मुख्य पिसू उंदरांवरची, झेनोप्सिला केओपिस. आमच्याकडची मांजरांची, टेनोसेफॅलिडीस फेलिस, नाव मांजराचं पण कुत्र्यांवरही सर्रास सापडते. हे मी जिन्यात उभं राहून त्यांना फोनवर वाचून दाखवत होते आणि त्या ऐकत नव्हत्या.

भाचीला फोन केला, औषध फेल गेलं म्हटलं, मांजरं इथे नाहीत तरी दुप्पट झाल्या. ती म्हणाली, "मावशी, मांजरं तिथे नाहीत म्हणूनच."

मग तिने जे सांगितलं ते मला जुलैत कळलं असतं तर निम्मं प्रकरण झालंच नसतं. आपल्याला दिसते ती मोठी पिसू म्हणजे एकूण गोतावळ्यातला पाचेक टक्के भाग, बाकी अंडी, अळ्या आणि कोष, आणि ते मांजरावर नसतात, घरात असतात. मादी रक्त प्यायल्यावर एकदोन दिवसांत अंडी घालायला लागते, दिवसाला ४०-५० पर्यंत. अंडी गुळगुळीत, केसांना चिकटत नाहीत, मांजर जिथे झोपतं तिथे घरंगळतात. अळ्यांना उजेड नको, त्या फटीत शिरतात आणि वरून पडणारी ती काळी विष्ठा खाऊन वाढतात, म्हणजे आई वरून जेवणाचा डबाच पाठवते. हवा कोरडी असली, आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली, तर अळ्या मरतात, पण ठाण्यातला पावसाळा म्हणजे त्यांचं माहेरच. मग त्या रेशमी चिकट कोष विणतात, त्याला धूळ चिकटते, फरशीवर कचरा आणि कोष यात फरक दिसत नाही, आणि कोषाच्या आत औषध फारसं पोचत नाही. दमट उबेत अंड्यापासून पिसू व्हायला दोनतीन आठवडे पुरतात. पण कोषातली तयार पिसू घाई करत नाही, ती महिनोन्महिने वाट बघू शकते. जमीन हादरली, ऊब आली, कुणाचा तरी श्वास आला की बाहेर. दहा दिवस घर गप्प, रोज कोष तयार होतायत आणि बाहेर यायला कारण नाही, आणि मग तीन माणसं दाणदाण बॅगा आपटत आत आली. सगळ्या एकदम.

मी कॅलेंडर काढून हिशोब लावला. १४ ते २२ जुलै चिंगी औषधाशिवाय दिवाणाखाली झोपली. अंगावर साठेक पिसवा, निम्म्या माद्या धरल्या, दिवसाला ४० अंडी, आठ दिवस, हजारोंच्या घरात जातं. सगळी जगत नाहीत, दहावा हिस्सा जगला तरी बास. त्यातली पहिली पिढी ऑगस्टच्या सुरुवातीला बाहेर आली, आणि मनीची पाठ गेली ८ तारखेला. सगळं जुळतंय, फक्त तेव्हा आम्ही बांगड्यावर संशय घेत होतो.

भाची दुसऱ्या दिवशी आली. पायमोज्यात पँट खोचून, टॉर्च घेऊन. मांजर कुठे कुठे झोपतं ते विचारलं, दिवाण ओढायला लावला. गोधडीखाली प्लायवर, भिंतीच्या कडेला, रांगोळीत मिरपूड सांडल्यासारखं दिसत होतं, पांढरी अंडी आणि काळी विष्ठा. टॉर्च मारल्यावर शेवयांच्या तुकड्यांसारख्या दोनतीन मिलिमीटरच्या अळ्या वळवळत आत सरकल्या. सात वर्षं रोज त्या हॉलमध्ये केर काढला, पण दिवाण काही ओढला नव्हता कुणी, खरं सांगायचं तर.

मग साफसफाई. अंथरुणं, अभ्रे, पायपुसणी ६० डिग्रीला मशीनमध्ये, आणि सप्टेंबरात वाळत नाहीत म्हणून वर कडक इस्त्री. व्हॅक्यूम शेजारून मागून आणला, रोज, फटीफटीत, दिवाणाखाली, सोफ्याच्या सांध्यात. व्हॅक्यूमने कोष सगळे निघत नाहीत पण त्याच्या धक्क्याने आतल्या बाहेर येतात आणि मग त्यांना मारता येतं, म्हणून रोज करायचं. त्याची पिशवी लगेच बांधून बाहेरच्या कचऱ्यात, नाहीतर व्हॅक्यूमच त्यांचं घर होतं. पेस्ट कंट्रोलवाला पहिला आला तो झुरळांचं जेल घेऊन, त्याला चहा देऊन परत पाठवला. दुसऱ्याला भाचीने फोनवर सांगितलं की अळीची वाढ रोखणारं औषध असलेलं पाहिजे, पायरीप्रॉक्सिफेन नाहीतर मेथोप्रीन. ते मोठ्या पिसवांना मारत नाही, अंड्या-अळ्यांना पुढे वाढू देत नाही, बरोबर मोठ्यांना मारणारं वेगळं. फवारून पूर्ण सुकल्यावर, दोन दिवसांनी मांजरं परत आणली. मांजरं गेल्यावर बहिणीने तिचं सगळं घर झाडून घेतलं, आणि आमच्याकडे महिनाभर पाय ठेवला नाही.

गोधडीवरून घरात वाद झाला. मी आणि नवरा म्हणत होतो टाकू. सासूबाई म्हणाल्या माझ्या आईच्या लुगड्यांची आहे, मला टाका आधी. गरम पाण्यात दोनदा धुतली, आणि ऑक्टोबरच्या उन्हात गच्चीवर चार दिवस उलटीपालटी करून वाळवली.

मोजायला एक साधी युक्ती ठेवली होती. रात्री हॉलमध्ये अंधार करायचा, जमिनीवर ताटात भांड्याच्या साबणाचं पाणी, वर छोटा दिवा. पिसवा उजेडाकडे उडी मारतात आणि साबणामुळे बुडतात. याने पिसवा संपत नाहीत, पण किती आहेत त्याचा अंदाज येतो. १६ सप्टेंबरला २३, २० तारखेला ३१ (मी रडकुंडीला आले, पण कोष फुटत असताना आकडा वाढतोच), महिनाअखेर ९, ऑक्टोबरच्या मध्यात २. या काळात तिघांच्याही अंगावर अधूनमधून एखादी दिसायचीच. पूर्वी मी ते बघून औषध बदललं असतं. आता कळत होतं की ती नुकतीच कोषातून निघून मांजरावर चढलेली आहे आणि एकदोन दिवसांत मरणार आहे, मांजर म्हणजे फिरता सापळाच झालंय, म्हणून स्पॉट-ऑनचा एकही महिना चुकवायचा नाही.

आम्हा माणसांना घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लाल गांधी, कॅलामाइन लावून बसलो. भाचीने एक बजावलं होतं की चिंगीने ओरबाडलं तर लगेच साबणाने धुवायचं, कारण बार्टोनेला नावाचा जंतू पिसवांच्या विष्ठेत असतो, मांजराच्या नखात ती जाते, आणि ओरखड्यातून माणसाला ताप आणि गाठी येऊ शकतात. चिंगीने ओरबाडलं, रोजच ओरबाडते, ताप कुणाला आला नाही.

दिवाळीपर्यंत मनीच्या कंबरेवर मखमलीसारखे बारीक केस आले. शेवटची पिसू ताटात १९ नोव्हेंबरला, त्यानंतर डिसेंबर अखेरपर्यंत ताट रोज कोरं. चिंगी तेव्हा पावणेदोन किलो.

राहता राहिली चिंगीची आई. ती अजून मीटर रूममध्येच असते, वॉचमनच्या जुन्या पोत्यांवर झोपायची, आणि हे सगळं मुळात तिथूनच आलं. पोती जानेवारीत फेकून दिली, वॉचमनकाकांना सतरंजी आणून दिली. भाटीला पकडून नसबंदी करायचं भाचीच्या ओळखीच्या लोकांनी कबूल केलंय. स्पॉट-ऑनची ट्यूब मी पर्समध्ये घेऊन फिरते. खाताना डोक्यावर हात फिरवू देते आता, मानेपर्यंत हात गेला की पळते.